ऋण अपूर्णांकाची असमानता: माझी चूक कुठे होती

रेषीय असमानता सोडवताना सहगुणक (क्षला गुणणारी संख्या) ऋण अपूर्णांक असला की माझं उत्तर हमखास उलटं यायचं. उदाहरणार्थ, −(३/४)क्ष + २ > ११. मी २ पलीकडे नेऊन −(३/४)क्ष > ९ करायचो, ४ ने गुणायचो, −३ ने भागायचो आणि क्ष > −१२ लिहून मोकळा व्हायचो. एकदा पडताळा म्हणून क्ष = ० ठेवलं, तर २ > ११ आलं. साफ चूक!

छेद घालवण्याच्या नादात ऋण संख्येने भागताना असमानतेचं चिन्ह उलटायचं राहून जात होतं. ते का उलटतं, हेही तेव्हाच नीट कळलं: २ < ५, पण −२ > −५. ऋण संख्येने गुणलं की संख्यारेषेवर डावं-उजवं बदलतं.

आता मी ऋण पदच पलीकडे नेतो: २ > ११ + (३/४)क्ष, मग −९ > (३/४)क्ष, म्हणून −१२ > क्ष, म्हणजेच क्ष < −१२. चिन्ह उलटायची वेळच येत नाही. मला ही रीत फार आवडते.

मात्र (३/४)क्ष > −९ मध्ये उजवीकडचं ऋण चिन्ह पाहून उलटू नका. गुणणारी किंवा भागणारी संख्या ऋण असेल तरच उलटायचं.