व्हेटरनरी नर्सकडून लेख मागवताना

‘आमच्या अंकासाठी काहीतरी लिहा’ असं पत्र धाडलं की बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. ब्रिटनमधल्या व्हेटरनरी नर्सच्या, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यातल्या परिचारिकेच्या, हातून दिवसभरात लेखाजोगं बरंच काम होतं, पण त्यावर लिहिता येईल हे त्यांच्या मनात येत नाही. तेव्हा विषय संपादकानेच सुचवावा, आणि तो चिमुकला असावा. ‘भूल आणि शरीराचं तापमान’ हा विषय कुणालाच पेलणार नाही. ‘दात काढताना मांजर गार पडू नये म्हणून काय केलं’ हा पेलतो.

पत्रात पाच गोष्टी लिहा: विषय, १२०० ते १५०० शब्दांची मर्यादा, आठ आठवड्यांची मुदत, मानधन आहे की नाही, आणि शंका कुणाला विचारायच्या. नोंदणीकृत नर्सला वर्षाला १५ तासांचं व्यावसायिक शिक्षण पूर्ण करावं लागतं. लेखासाठी केलेलं वाचन त्यात धरता येतं, हेही आवर्जून कळवा.

पूर्ण लेखाआधी अर्ध्या पानाचा आराखडा मागवा. सगळ्यात मोठी गडबड इथेच दिसते: डॉक्टरांनी तपासलं, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, आणि नर्स कुठेच नाही! उलट गडबडही होते. ब्रिटनच्या १९६६ च्या पशुवैद्यक कायद्यानुसार निदान करणं हे डॉक्टरांचं काम, त्यामुळे ‘मी निदान केलं’ असं वाक्य छापून गेलं तर लिहिणारीच अडचणीत येते. कोणतं काम डॉक्टरांच्या सांगण्यावरून केलं, ते लेखात स्पष्ट हवं.

मसुद्यात ‘मांजराला उबदार ठेवलं’ असं आलं की पेन्सिल उचला. कशाने? कधीपासून? तापमान किती मिनिटांनी घेतलं, गुदद्वारात की अन्ननलिकेत? भुलेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब बाहेर येते आणि तापमान सुरुवातीलाच झपाट्याने उतरतं. दातांच्या कामात वर पाण्याचा फवारा, तोंडाभोवतीची लव ओली. म्हणून गरम हवेचं पांघरूण भूल देण्याआधी घातलं की नंतर, यावर वाचकाला मिळणारा धडा बदलतो. भुलेचा तक्ता, म्हणजे भूल चालू असताना केलेल्या नोंदींचा कागद, समोर ठेवून लिहायला सांगा. आठवणीतले आकडे हटकून गोल होतात. औषधाचं नाव ब्रँडचं नको, मूळ औषधाचं. मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये, आणि कोणत्या मार्गाने दिली तेही.

उपचारासाठी घेतलेलं संमतीपत्र छापण्याला पुरत नाही. प्राण्याच्या मालकाची वेगळी लेखी परवानगी घ्यावी, दवाखान्याचीही. फोटो मूळ फाइलमध्येच मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला छपाईत फुटतो. मग फोटोचे कोपरे बघा: एक्स-रेवर मालकाचं नाव, गळपट्ट्यावर फोन नंबर, पिंजऱ्याच्या कार्डावर १५ आकडी मायक्रोचिप क्रमांक. चेहरा झाकला म्हणून ओळख लपली, असं समजू नका.

छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकाला लेखिकेचं नाव कळू द्यायचं नसेल, तर ते फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधूनही पुसा. परीक्षणाचा कागद आला तसा पुढे ढकलू नका. पहिल्यांदा लिहिणाऱ्या नर्सला चाळीस शेरे एकदम दिसले की मसुदा कायमचा ड्रॉवरमध्ये जातो. आधी कराव्याच लागतील अशा तीन दुरुस्त्या सांगा. स्वल्पविराम तुम्हीच लावा.