ॲक्वापोनिक्सच्या पॉलिहाऊसमध्ये थंडीत पाणी उबदार कसं ठेवावं: कमी खर्चातलं नियोजन

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावरच भाजी वाढवायची पद्धत. त्यात थंडीचा प्रश्न येतोच, आणि सातारा-सांगलीची थंडी फसवी आहे. डिसेंबरात दुपारी दोन वाजता पॉलिहाऊसमध्ये अंगातला शर्ट ओला होतो आणि पहाटे त्याच टाकीतल्या पाण्यात हात घातला तर बोटं आखडतात. म्हणजे ऊब आपल्याकडे रोज फुकट येते, ती रात्रभर टिकत नाही एवढंच. त्यामुळे हिटरचं कोटेशन सगळ्यात शेवटी मागवायचं.

आधी मासा ठरवा

पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांना आपल्याकडची थंडी मानवते. अडचण माशांची आणि फिल्टरमधल्या जिवाणूंची. तिलापिया पाणी 20 अंशांखाली गेलं की खाणं कमी करतो, 16 च्या आसपास जवळजवळ बंद करतो आणि 10-12 ला मरायला लागतो. पंगस आणि रूपचंदही थंडीला नाजूकच. रोहू-कटला थंडीत वाढत नाहीत, पण तग धरतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) त्याहून काटक. माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं झाडांना चालणारं नायट्रेट करणारे जिवाणू 25 ते 30 अंशांत जोमात असतात, 18 ला त्यांचा वेग निम्म्यावर येतो.

मिरज-तासगाव पट्ट्यात तिलापिया थोड्या मदतीने हिवाळा काढतो. (गिफ्ट या सुधारित जातीच्या तिलापियाला शासनाची परवानगी लागते, ती आधी काढा.) वाई-जावळीच्या खोऱ्यात थंड हवा रात्री तळाशी साचून राहते आणि महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी तर दवबिंदू गोठतात. तिथे तिलापियाचा हट्ट धरण्यापेक्षा सायप्रिनस टाकावा. इंधनावरचा खर्च वाचवायचा याहून सोपा मार्ग नाही.

आठवडाभर पारा लिहा

पहाटे सहा आणि दुपारी चार, या दोन वेळांना पाण्याचं तापमान वहीत टिपा. हवेचं नको, पाण्याचं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे तुमची रात्रीची गळती.

आता हिशोब. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 1.16 युनिट वीज लागते. टाकी 5,000 लिटरची असेल आणि रात्रीत तीन अंश उतरत असेल, तर साडेसतरा युनिट. दोन गुंठ्यांच्या पॉलिहाऊसची हवा बाहेरपेक्षा आठ अंश गरम ठेवायची म्हटली, तर प्लॅस्टिकच्या एकेरी कागदातून रात्रीत दीडशेहून जास्त युनिट उडून जातात. हवा तापवायचा नाद सोडा, पाण्याकडे बघा.

गळती बुजवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. थोडा वारा असलेल्या रात्री पेटती उदबत्ती घेऊन बाजूच्या पडद्यांच्या कडेने चाला. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. बहुतेक वेळा ती पडदा आणि खालचा एप्रन (जमिनीलगतची पक्की पट्टी) यांच्या मध्ये, दाराच्या उंबऱ्यापाशी आणि पाइप आत येतात त्या भोकांत सापडते. जुना पॉलिहाऊसचा कागद कापून पट्ट्या लावा, एप्रनवर माती ओढा. पडदे दुपारी साडेतीन-चारलाच खाली घ्यायचे. ऊन कलल्यावर बंद केलेत तर आत कोंडायला ऊब उरत नाही.

मग टाकी. पाण्याची बरीचशी उष्णता वरच्या पृष्ठभागावरून वाफेवाटे जाते, म्हणून रात्री दोन इंची थर्माकोलचे तुकडे पाण्यावर तरंगते ठेवा. सगळी टाकी झाकू नका, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडांवरचा भाग मोकळा हवा. मासे थर्माकोल टोचतात, तेव्हा तो प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कडा चिकटपट्टीने बंद करा. टाकीच्या बाजूंना उसाचं पाचट पोत्यांत दाबून भरा आणि वरून ताडपत्री बांधा. पाचट भिजलं की त्याचा उपयोग संपतो. उंदीर येतील, ते गृहीत धरा.

ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारा पंखा) बाहेर बसवलेला असेल तर तो रात्रभर गार हवाच पाण्यात ढकलत असतो. त्याचं तोंड पॉलिहाऊसच्या आत घ्या. पाइपातून पातळ धार वाहणाऱ्या पद्धतीत ते पाइपच पाणी गार करतात, त्यामुळे रात्री झाडांकडचा प्रवाह कमी करून पाणी थेट बायोफिल्टरकडे, म्हणजे जिवाणूंच्या फिल्टरकडे वळवा. फिल्टर आणि हवा मात्र एक मिनिटही बंद ठेवायची नाही.

दुपारचं ऊन पाण्यात भरा

आपल्या भागात हे सगळ्यांत स्वस्त पडतं, कारण सामान गावातच मिळतं. छिद्रं नसलेली 16 मिलिमीटरची काळी लॅटरल (ठिबकची नळी), 500 मीटरचं एक बंडल. त्याचे पन्नास मीटरचे दहा तुकडे करून समांतर जोडा. एकच लांब वेटोळं केलं तर पाणी पुढे सरकणारच नाही. वेटोळी पत्र्याच्या शेडवर दक्षिणेच्या उताराला पसरा आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून वर जुना पारदर्शक कागद ताणा. फिल्टरमधून गाळलेलं पाणीच त्यात सोडा. निरभ्र दिवशी ढोबळमानाने बारा-पंधरा युनिटांइतकी उष्णता टाकीत येते, म्हणजे वरच्या हिशोबातली बरीचशी तूट भरून निघते. अकराला सुरू, साडेतीनला बंद. बंद करायचं विसरलात तर हीच नळी रात्री टाकी गार करेल. शेतीच्या फिडरवर थ्री फेज पाळीने येते, म्हणून पंप लहान, सिंगल फेजवर चालणारा घ्या.

घरी जुना सोलर वॉटर हिटर पडून असेल तर तोही चालतो, पण माशांचं पाणी थेट त्याच्या नळ्यांत फिरवू नका: क्षार बसतात आणि जिवाणू मरतात. गरम पाणी टाकीतल्या स्टेनलेस स्टीलच्या वेटोळ्यातून फिरवा. तांबं आणि जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप माशांना विषारी, ते पाण्यात नकोत.

शेवटचा आधार

थंडीची लाट आली की दोन-चार रात्री हे सगळं अपुरं पडतं. तेवढ्यासाठी थर्मोस्टॅट असलेला टायटॅनियमचा हिटर ठेवा, आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि अर्थिंगसह. बादलीत टाकायचा घरगुती रॉड इथे चालणार नाही. पाणी तासाला एका अंशापेक्षा जास्त चढू देऊ नका. दारात गाई-म्हशी असतील तर गोबरगॅसवर पाणी तापवता येतं. मात्र थंडीत गॅसही कमी तयार होतो, तेव्हा सगळी भिस्त त्यावर नको.

काही द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या करतात, तसं पॉलिहाऊसच्या आत कधीही करू नका. बंद जागेतल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावतो आणि धुराने पानं करपतात.

लाटेच्या दिवसांत खाद्य दुपारी दोन-तीनलाच, नेहमीच्या निम्मं किंवा त्याहून कमी द्या. तिलापियाच्या टाकीत 16 च्या खाली अजिबात नाही; न खाल्लेलं खाद्य कुजतं आणि सुस्तावलेल्या जिवाणूंना तो अमोनिया आवरत नाही. फेब्रुवारीत पहाटेचं पाणी सलग आठवडाभर 22 च्या वर राहिलं की थर्माकोल काढा आणि लॅटरलची जोडणी सोडवून नळ्या सावलीत ठेवा.