पावसात खचलेला गुलाब: कोजागरी ते दिवाळी काय करावं

परतीचा पाऊस थांबला आणि दुपारचं ऊन भाजायला लागलं, की मुंबईतल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या ग्रिलमध्ये गुलाबाची अवस्था जवळपास सारखीच दिसते. खालची पानं गळालेली, काड्या उघड्या, वर चार-दोन पिवळट पानं आणि एखादी फांदी शेंड्याकडून काळी पडत आलेली. झाड अशक्त झालंय असं वाटून माणूस दोन गोष्टी करतो. खत घालतो आणि पाणी वाढवतो. बरीच झाडं पावसातून तगतात आणि या दोन गोष्टींनी जातात. म्हणून आधी एकच विनंती: आजारी गुलाबाला आत्ता खत देऊ नका. आधी मुळं बघा.

सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कुंडीतली माती एवढे दिवस गच्च ओली राहिली की तिच्यात हवा उरत नाही आणि अन्नपाणी ओढणारी बारीक केसमुळं कुजतात. अशा मुळांवर युरिया किंवा मिश्रखत पडलं तर मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात आणि उरलीसुरली मुळंही पाणी ओढू शकत नाहीत. ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानेनं सुकतं. माझं एक जुनं गावठी गुलाबाचं झाड मी असंच घालवलं. पानं पिवळी दिसली म्हणून चमचाभर युरिया घातला आणि आठवड्याभरात फांद्या वाळल्या. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, बोटांत धरली की साल सुटून यायची आणि डबक्यासारखा वास. त्या झाडाला खताची नाही, हवेची गरज होती. ते मला उशिरा कळलं.

झाड जिवंत आहे का हे पाहायला नखानं साल जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली. शेंड्यापासून सुरुवात करून खाली खाली या. वरचं सगळं वाळलेलं असलं तरी कलमाच्या गाठीजवळ (खोडाच्या तळाशी, खुंटावर कलम जोडलेली फुगीर जागा) हिरवं सापडलं तर झाड सोडू नका.

मग कुंडीतून काढून पाहा. इकडे नर्सरीतून येणारं गुलाबाचं कलम पुष्कळदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेलं असतं. आपण तो गोळा तसाच चांगल्या मातीत ठेवतो. बाहेरची माती वाळते, आतला गोळा मात्र महिनोन्‌महिने ओला राहतो आणि मुळं त्यातच अडकून बसतात. झाड खरोखर खचलेलं असेल तर गोळ्यासकट अर्धा तास बादलीत बुडवा आणि बोटांनी हलकेच माती सोडवा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, टणक मुळं राखा. काळी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं कापून टाका. नवी कुंडी दहा-बारा इंचांची पुरे, पण तळाची भोकं मोकळी हवीत. दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती किंवा विटांची चुरी, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर जुनं गांडूळखत, बस. कलमाची गाठ मातीच्या वर दोन बोटं राहू द्या. आपल्या पावसात गाठ मातीत गेली की तिथूनच कूज सुरू होते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग आठ-दहा दिवस विरळ सावली आणि त्यानंतर सकाळचं ऊन.

ज्या झाडाची मुळं निरोगी दिसली त्याची माती सोडवायची गरज नाही, तसंच परत ठेवा. वरची माती दोन इंच खुरप्यानं हलवून मोकळी केली तरी फरक दिसतो.

आता छाटणी. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानतात, पण कॅलेंडरपेक्षा आभाळ बघा. सलग आठवडाभर कोरडं गेल्याशिवाय सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेऊ नका. ताज्या कापावर पाऊस पडला की शेंडेमरीची (शेंड्याकडून फांदी काळी पडत जाण्याच्या रोगाची) बुरशी तिथूनच आत शिरते. दुसरी गोष्ट, थंड प्रदेशातली गुडघ्याखालची छाटणी इथे करू नका. आपल्याकडे हिवाळ्यात गुलाब झोपत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या काड्यांची साल भाजते. सशक्त झाड उंचीच्या एक तृतीयांश, फार तर निम्म्यापर्यंत उतरवा. आजारी झाडाची फक्त मेलेली, काळी आणि आत एकमेकींवर घासणारी काडी काढा. हिरवं पान प्रत्येक राखा. नवी मुळं करायला लागणारं अन्न त्या पानांतूनच येणार आहे.

काळ्या फांदीचा काप कुठे थांबवायचा हे फांदीच सांगते. काळ्या भागाच्या खाली दोन इंचांवर कापा आणि कापलेलं तोंड उजेडात धरून मधला गाभा पाहा. गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा असला तरी, अजून खाली जा. गाभा पांढराशुभ्र लागेपर्यंत थांबू नका. शेवटचा काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या उंचवट्याच्या) पाव इंच वर, पाणी डोळ्याच्या उलट बाजूला ओघळेल असा तिरका घ्या. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

कापावर बोर्डो मलम लावा. घरापुरतं १०० मिलिलिटर करायचं तर १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या पाण्यात आणि १० ग्रॅम चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि दोन्ही एकत्र तिसऱ्यात ओता. स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका. मोरचूद विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा.

काळ्या ठिपक्यांचा रोग पावसाळ्यात घराघरांत असतो. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की त्याचे बीजाणू रुजतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते गळलेल्या पानांवर आणि फांद्यांवर तग धरतात. कुंडीतली पडलेली पानं वेचून कचऱ्यात टाका, खताच्या ड्रममध्ये नको. पाणी सकाळी, मातीवर घाला. संध्याकाळी पानांवर शिंतोडे मारण्याची सवय सोडा. छाटणीनंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, तोंडाला कापड बांधून, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. शेतकऱ्यांनी मोठ्या क्षेत्रावर डब्यावरच्या लेबलप्रमाणेच मात्रा घ्यावी.

झाडाकडे बघताना गाठीच्या खालीही नजर टाका. कलम अशक्त झालं की खुंट (ज्यावर कलम केलंय ते खालचं रानटी झाड) डोकं वर काढतो. लांबच लांब, सरळ, जोमदार फुटवा येतो आणि झाड सुधारलं म्हणून आपण खूश होतो. तो गाठीच्या खालून निघालाय का ते माती बाजूला करून पाहा. असेल तर कापू नका, खाली ओढून मुळाशी उपटा, कापला की दोन येतात. पानातल्या पानकांची (एका देठावरच्या छोट्या पानांची) संख्या मोजून ठरवू नका, चांगल्या कलमालाही सात पानकं असतात.

गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी जिथे ऊन यायचं ती उत्तरेची खिडकी आता सावलीत जाते, आणि दक्षिणेच्या ग्रिलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान ऊन येतं. कुंड्या हलवा. जागा नसेल तर शेजाऱ्यांशी बोलून गच्चीवर न्या. उन्हाची कमतरता कोणतंही टॉनिक भरून काढत नाही.

छाटणीनंतर दहा-पंधरा दिवसांत डोळे फुगतात आणि तांबूस-जांभळट कोंब येतात. हा रंग पाहून काही जण कीड समजून औषध मारतात. कोवळी पालवी तशीच असते, पान पक्व झालं की हिरवं होतं. कोंब दोन इंच झाले की मुळं चालू झाली असं समजा. खताची वेळ आता आली. निंबोळी पेंड मूठभर मातीत मिसळा, आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, मातीला आधी पाणी घालून. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमला असेल तर क्षार साठलेत. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या इमारतींत हे हमखास होतं. एका सकाळी कुंडीच्या आकाराच्या तिप्पट गोडं पाणी हळूहळू सोडून ते भोकातून वाहू द्या, मग खत.

डिसेंबरात रात्री गार झाल्या की कोवळ्या पानांवर भुरी (पांढऱ्या पिठासारखी बुरशी) येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण भर उन्हात नको आणि निंबतेलाच्या फवारणीला तीन आठवडे झाल्याशिवाय नको.

वसई, पालघरकडे जमिनीत गुलाब घेणाऱ्यांनी वाफे उंच ठेवून चर मोकळे करावेत आणि छाटणी एका दिवसात उरकू नये. काप घेतल्यापासून साधारण ४०-४५ दिवसांनी फूल येतं. ऑक्टोबरच्या मध्याला छाटलेल्या ओळी मार्गशीर्षातल्या गुरुवारांना हाराच्या फुलांसाठी दादरच्या बाजारात जातात, १४ फेब्रुवारीसाठी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निरोगी ओळींचीच हलकी छाटणी करा. खचलेल्या ओळींना या हंगामात दुसरी छाटणी नको.

आणि आजारातून उठलेल्या झाडाला पहिली कळी आली की ती रंग दाखवायच्या आत दोन बोटांनी खुडा. घरातले नाराज होतील, तुम्हालाही जीवावर येईल. पण त्या एका फुलाचं अन्न मुळांना मिळालं की खालच्या डोळ्यांतून दोन-तीन दमदार फांद्या निघतात. त्यांच्या कळ्या मात्र ठेवा.