गोकाकच्या धबधब्यावर कॅमेरा घेऊन जाताय?

बेळगावाहून साठेक किलोमीटरवर घटप्रभा नदी वाळूच्या खडकाच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली झेपावते. कड्याच्या माथ्यावर जुनी सूतगिरणी, झुलता पूल आणि चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ. सगळं पायी फिरता येतं.

सुरुवात देवळापासून करा, तीही सकाळी लवकर. तिरप्या उन्हात दगडातलं कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी तेच सपाट वाटतं.

धबधब्यासाठी जुलै-ऑगस्ट उत्तम. गढूळ, तांबूस पाणीच तिथली खरी ओळख, म्हणून नंतर रंग बदलून ते निळं करू नका! मोबाईलच्या प्रो मोडमध्ये (जिथे कॅमेऱ्याची सेटिंग्ज स्वतः ठरवता येतात) शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवलं तर फोटोत थेंब गोठल्यासारखे दिसतात. १/४ सेकंद ठेवलं तर धार रेशमी दिसते, पण त्यासाठी ट्रायपॉड हवाच. तुषारांनी लेन्स सतत ओली होते, तेव्हा मऊ सुती कापड खिशात असू द्या.

झुलत्या पुलावर प्रवेश सुरू असला तरी माणसं चालताना तो हलतो, तिथे वेगवान शटरच वापरा. गिरणीचे फोटो काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा. आणि कड्यावरचा शेवाळलेला खडक फार निसरडा असतो, सेल्फीसाठी काठावर अजिबात जाऊ नका.

परतताना गोकाक गावातून करदंट ही तिथली गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई घ्या.