रक्तवाहिन्यांचा दाह: वर्गीकरण आणि निदान करताना या चुका टाळा

व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह, हा एकच आजार नसून आजारांचा मोठा गट आहे. चॅपेल हिल परिषदेच्या १९९४ च्या आणि २०१२ मध्ये सुधारलेल्या नामावलीत त्याची विभागणी मुख्यतः रक्तवाहिनीच्या आकारावरून केली आहे: मोठ्या वाहिन्यांत ताकायासू, मध्यम वाहिन्यांत पॉलिआर्टेरायटिस नोडोसा आणि मुलांमधील कावासाकी, तर लहान वाहिन्यांत अँका-संबंधित प्रकार (अँका म्हणजे स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे).

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वर्गीकरणाच्या निकषांनाच निदान समजणे. अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांच्या २०२२ च्या निकषांत 'जीपीए' (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस) या अँका-संबंधित प्रकारासाठी ५ गुण पुरेसे आहेत आणि पीआर३ या प्रथिनाविरुद्धची अँका पॉझिटिव्ह असल्यास एवढ्या एका तपासणीचेच ५ गुण मिळतात. परंतु क्षयरोगात किंवा हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गातही अँका पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच दाहाचे निदान झाल्यावर आणि त्याच्यासारखे दिसणारे आजार वगळल्यानंतरच हे गुण मोजावेत, अशी अट त्या निकषांतच आहे, आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते.

आपल्याकडे उलटी चूकही होते. फुप्फुसात पोकळी आणि थुंकीतून रक्त दिसले की जंतू सापडलेले नसतानाही टीबीची औषधे सुरू होतात. पण त्याच रुग्णाचे नाक सतत चोंदत असेल, नाकात खपल्या धरत असतील आणि ऐकू कमी येत असेल, तर जीपीएचा विचार व्हायलाच हवा.

लघवीची साधी तपासणी टाळणे हे तर अक्षम्यच, कारण लहान वाहिन्यांच्या दाहात मूत्रपिंड काहीही न दुखता निकामी होत जाते, आणि लघवीतील रक्तपेशी व प्रथिने ही त्याची पहिली खूण असू शकते. ताकायासूमध्ये रक्तदाब एकाच हातावर मोजून चालत नाही. ज्या हाताची धमनी अरुंद झाली आहे त्यावर तो खोटा कमी दिसतो, म्हणून दोन्ही हातांवर मोजावा.

बरे वाटू लागताच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये. आजार उलटू शकतो, शिवाय शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावलेले असल्याने जिवावर बेतू शकते. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी अवश्य करावी, कारण या औषधाने सुप्त विषाणू पुन्हा उफाळू शकतो, आणि पॉलिआर्टेरायटिस नोडोसाच्या काही रुग्णांत तर मूळ कारणच तो विषाणू असतो.