रिपोर्टचा फोटो नको, ब्लॉक मागा

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरचे त्याचा फोटो काढून चार डॉक्टरांना पाठवतात. चौघंही तोच कागद वाचतात, त्यामुळे निदान एकाच माणसाचं राहतं. दुसरं मत हवं असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने तुमचा तुकडा स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहायला हवा. मी हिस्टोपॅथॉलॉजीत तंत्रज्ञ आहे, रोज ब्लॉक कापते, म्हणून पोटतिडकीने सांगते आहे.

फॉर्मॅलिनमधून काढलेला तुकडा मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात, त्या स्लाइड्स. प्रयोगशाळेला लेखी अर्ज देऊन दोन्ही मागा. ब्लॉक देत नसतील तर दहा-बारा न रंगवलेल्या स्लाइड्स कापून मागा, आणि 'इम्युनोसाठी हव्यात' असं स्पष्ट सांगा. इम्युनो म्हणजे पेशींवरची ठराविक प्रथिनं रंगवून पेशी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायची तपासणी. त्यासाठी खास लेप दिलेल्या काचा लागतात. साध्या काचेवरचा काप धुताना सुटून जातो. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच उभं राहून जुळवा. उन्हातल्या गाडीत ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ पडतं.

सोबत मूळ रिपोर्ट, स्कॅन आणि आधी झालेल्या उपचारांची माहिती द्या. हाडाची गाठ असेल तर एक्स-रे हवाच.

माझ्या काकांच्या मानेत गाठ आली होती. पहिल्या रिपोर्टात 'दुसरीकडून पसरलेला कार्सिनोमा' असं होतं, म्हणजे त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर. तीन आठवडे आम्ही मूळ जागा शोधत राहिलो. घशात दुर्बीण, पोटात दुर्बीण, काही सापडेना. शेवटी मी ब्लॉक दुसरीकडे नेला. इम्युनोत कार्सिनोमात सहसा दिसणारं केराटिन निगेटिव्ह, आणि बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर असणारं सीडी 20 पॉझिटिव्ह. तो लिम्फोमा होता, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर. मोठ्या ऑपरेशनची चर्चा थांबली आणि केमो सुरू झाली. हे काम करत असूनही मी ब्लॉक पहिल्याच दिवशी मागितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

लिम्फोमा, सार्कोमा (हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर), मेंदूची गाठ किंवा रिपोर्टात 'संशयास्पद', 'एटिपिकल' (पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, पण कॅन्सर म्हणता येत नाही) असे शब्द असतील तर दुसरं मत घ्याच. 2015 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 115 पॅथॉलॉजिस्टनी स्तनाच्या बायॉप्सीच्या स्लाइड्स पाहिल्या. आजूबाजूला पसरू लागलेल्या कॅन्सरबाबत त्यांचं निदान तज्ज्ञांच्या निदानाशी 96 टक्के वेळा जुळलं. एटिपियाच्या, म्हणजे अशा एटिपिकल पेशींच्या बाबतीत मात्र 48 टक्केच. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, त्या पेशीच सीमारेषेवरच्या असतात.

किती दिवस थांबलं तर चालेल, हे मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी विचारा. काही आजारांत उपचार लगेच सुरू करावे लागतात. दोन मतं वेगळी आली तर दोन्ही पॅथॉलॉजिस्टना एकमेकांशी बोलायची विनंती करा. अडलं तर त्याच अवयवाचं काम करणाऱ्या तिसऱ्याकडे पाठवा.

काम झालं की ब्लॉक परत आणून जमा करा आणि पावती घ्या. पुढे जनुकांची तपासणी करायची वेळ आली तर बहुतेकदा तोच ब्लॉक लागतो.