एमएस आणि व्यायाम : दमायच्या आधी थांबायचं

माझा डावा पाय उजव्याच्या आधी थकतो. थकला की चवडा नीट उचलला जात नाही आणि बुटाचं टोक जमिनीला घासायला लागतं. तो आवाज आला की त्या वेळेपुरता व्यायाम संपला. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार) असलेल्या बहुतेकांची अशी एखादी खूण असते. कुणाची नजर धूसर होते, कुणाचा हात जड पडतो, कुणाची जीभ अडखळते. आधी आपली खूण ओळखा, मग व्यायाम. ‘अजून दोनदा करा’ म्हणून मागे लागणारा ट्रेनर आपल्या कामाचा नाही.

पूर्वी या आजारात व्यायाम टाळा असंच सांगितलं जायचं. १९९६ साली अमेरिकेतल्या युटामधल्या संशोधकांनी रुग्णांकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम करून घेतला. त्यांचा दमसास आणि ताकद दोन्ही वाढली. आता डॉक्टर स्वतःच हालचाल करा म्हणतात. किती आणि कशी, हे मात्र तुम्हाला तपासलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

सगळ्यात आधी उष्णतेचा बंदोबस्त. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असलं की शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश पोचताना अडखळतात. डोळ्यांचे जर्मन डॉक्टर विल्हेल्म उट्‌हॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं: श्रमांनंतर रुग्णांची नजर मंदावायची आणि विश्रांतीनंतर पुन्हा सुधारायची. हे घाबरवणारं असलं तरी त्याने नसांचं नवं नुकसान होत नाही. मी पंखा सुरू करून, मानेवर ओला रुमाल ठेवून आणि थंड पाण्याचे घोट घेतच सुरुवात करते. लघवीच्या घाईच्या भीतीने पाणी तोडू नका, आधी जाऊन या. अंग निवल्यावरही त्रास ओसरला नाही, किंवा नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना कळवा. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही.

वेळ म्हणाल तर सकाळची. दुपारपर्यंत माझी शक्ती इतर कामांत गेलेली असते.

एकच व्यायाम करायचा असेल तर खुर्चीतून उठणं-बसणं करा. खुर्ची भक्कम, हातांची आणि भिंतीला टेकवलेली हवी. पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, कंबरेतून पुढे झुका आणि उठा. मान वाकवायची गरज नाही. आपल्यापैकी काहींना हनुवटी छातीकडे नेली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं, म्हणून नजर समोरच ठेवा. बसताना मनात तीन मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर मांडीची अर्धी मेहनत बुडाली. चांगला पाय गुपचूप सगळा भार स्वतःवर घेतो, ही यातली मोठी लबाडी. त्यावर उपाय म्हणजे कमजोर पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मागे ठेवायचं, म्हणजे त्याला काम करावंच लागतं. पाच वेळा करा, मिनिटभर बसा, खूण दिसली नसेल तर आणखी पाच. हाताचा आधार लागला तर घ्या, त्यात कमीपणा नाही. एक दिवस करून एक दिवस सोडला तरी पुरे.

पोटऱ्या आखडत असतील तर भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्या, टाच जमिनीवर ठेवा आणि ताण जाणवला की अर्धा मिनिट तिथेच थांबा. झटका देऊ नका. आखडलेला स्नायू झटक्याने आणखी चिडतो आणि पाय थरथरायला लागतो.

तोलासाठी खोलीचा कोपरा उत्तम : पाठीमागे दोन भिंती, समोर खुर्ची. पावलं जुळवून उभे राहा. जमलं तर एक पाऊल अर्धं पुढे. डोळे मिटून उभं राहायचं ते फिजिओथेरपिस्ट शेजारी असतानाच, कारण पायांकडून येणारी खबर अपुरी असली की तोल डोळ्यांच्याच भरवशावर असतो.

चालण्याचे तुकडे करा. वीस मिनिटं सलग चालण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांचे चार फेरे आणि मधे बसणं मला झेपतं, शेवटच्या फेरीतही पाय घासत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

झेपलं की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. नेहमीसारखं उठता आलं तर तेवढंच चालू ठेवा आणि आठवड्याने एकच गोष्ट किंचित वाढवा, वेळ किंवा संख्या. अंग शिसं भरल्यासारखं वाटलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. रिलॅप्स आला, म्हणजे आजार पुन्हा उफाळला असेल, तर जुना आकडा विसरा. डॉक्टरांनी परवानगी दिली की घोटे वरखाली करण्यापासून, पडल्या पडल्याच, सुरुवात करायची.